थांबा मुलींचाही आहे

कनेरगाव नाका हे हिंगोली जिल्ह्याचं वाशिमकडचं टोक. पुढे पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे वाशिम जिल्हा. एकेकाळी निजामाचं राज्य इथे संपायचं आणि वऱ्हाड सुरू व्हायचं. आज अकोला-नांदेड महामार्ग इथून जातो, अकोला-पूर्णा मार्गावरचं रेल्वे स्टेशनही आहे. आसपासच्या गावांतली माणसं बस, जीप, रेल्वे धरायला इथेच येतात. त्यात शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुली असतात, दवाखान्याला निघालेल्या बाया असतात, बाजारहाट करून परतणाऱ्या म्हाताऱ्या असतात.

मी एसटीत वाहक आहे. हिंगोली-वाशिम रस्त्यावर तिकिटं देण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. बसच्या दारातून थांबा जसा दिसतो तसा तो इतर कुठूनही दिसत नाही. कोण कुणाच्या मागे उभं आहे, कुणाची मान खाली गेली आहे, बस दिसताच कुणाचा चेहरा सुटल्यासारखा होतो, हे रोज डोळ्यांसमोर असतं. छेडछाड मी पाहिली आहे, सोसलीही आहे; अंगावर खाकी असली म्हणून बाईला त्यातून सूट मिळत नाही. या नोकरीने मला जे शिकवलं ते इथे क्रमाने मांडते आहे.

१. छेडछाडीची वेळ आणि जागा ठरलेली असते.

लोकांना वाटतं, असले प्रकार अचानक, कुठेही घडतात. माझा अनुभव वेगळा आहे. शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंतचा वेळ, थांब्याच्या पाठीमागची टपरी, थांब्याला चिकटून उभ्या केलेल्या दोन-तीन मोटारसायकली, फाट्यापासून गावापर्यंतचा दिवे नसलेला रस्ता, आणि बाजाराच्या दिवशीची भरगच्च गाडी. त्रास इथेच आणि याच वेळी होतो. तोंडंही बहुतेक वेळा तीच असतात.

हे एकदा ध्यानात आलं की उपायही हाताशी येतो. ज्या त्रासाची वेळ माहीत आहे तो थांबवता येतो. बस वेळेवर आली तर मुलींचं ताटकळणं कमी होतं, म्हणून गाडी वेळेवर सोडणं हे मी मुलींच्या सुरक्षेचंच काम मानते. थांब्यावर दिवा लावणं ग्रामपंचायतीला जमतं. शाळा सुटताना एक शिक्षक थांब्यापर्यंत चालत येऊ शकतो. पोलिसांची दामिनी पथकं आहेत; त्यांना "गावात फार त्रास आहे" असं मोघम सांगण्यापेक्षा "संध्याकाळी पाच ते साडेपाच, थांब्याच्या मागच्या बाजूला" असं सांगितलं तर त्यांनाही नेमकं कुठे उभं राहायचं ते कळतं.

२. आधी मुलीची वाट बदलते, मग शाळा सुटते.

मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट ही आहे. मुलगी सहसा तक्रार करत नाही. ती स्वतःला बदलते. खिडकीजवळ बसणारी मुलगी मधल्या जागेवर बसू लागते. मैत्रिणींशी मोठ्याने बोलणारी हळू बोलू लागते. मग ती आपला थांबा सोडून पुढच्या थांब्यापर्यंत उन्हात चालत जाते आणि तिथून चढते. मग धाकटा भाऊ सोबतीला येतो. त्याची स्वतःची शाळा बुडते. मग ती परीक्षेपुरती दिसते. आणि एका महिन्यात तिचा पास नवा निघत नाही. विचारलं तर मैत्रिणी सांगतात, "तिचं लगीन ठरलंय, बाई."

आई-बापाला मी सरसकट दोष देत नाही. मजुरीवर जाणाऱ्या माणसाला रोज लेकीला थांब्यावर सोडायला येणं परवडत नाही. पोरीचं नाव कुणी घेण्याआधी हात पिवळे करून मोकळं व्हावं, असं त्याला वाटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होतं. १९९९ पर्यंत हिंगोली या परभणीचाच भाग होता, आणि हिंगोलीचं प्रमाणही राज्याच्या सरासरीहून बरंच वर आहे. या लग्नांमागे गरिबी आहे, ऊसतोडीचं स्थलांतर आहे, हुंडा आहे. रस्त्याची भीती हेही त्यातलं एक कारण आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

शहरातही वेगळं नाही. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. जाण्या-येण्याचा रस्ता सुरक्षित असावा म्हणून मुली चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात आणि प्रवासावर जास्त खर्चही करतात, असं त्यांना दिसलं. दिल्लीत कॉलेज बदलतं, आमच्याकडे कॉलेजच सुटतं.

शासनाने मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास दिला. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या मुलींना शाळेत नेण्यासाठीच सुरू झाल्या. त्या बसपर्यंतचा रस्ता मोकळा ठेवणं हे मात्र गावाचं काम आहे, आणि ते गावाने अजून अंगावर घेतलेलं नाही.

३. "लक्ष देऊ नको" म्हटलं की मुलगी एकटी पडते.

आई, मावशी, शिक्षिका, सगळ्या हेच सांगतात. त्यांनाही त्यांच्या काळी हेच सांगितलेलं असतं. पण मुलगी दुर्लक्ष करते तेव्हा समोरच्याला वाटतं, हिला चालतंय. आणि मुलीला कळतं की आपल्या बाजूने कुणी बोलणार नाही. पहिल्या दिवशी शिट्टी असते, पुढे गाण्याची ओळ येते, मग नावाने हाक, मग गाडी आडवी घालणं. दर पायरीवर मोठी माणसं गप्प राहिली म्हणून पुढची पायरी चढली जाते.

सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला निघाल्या तेव्हा रस्त्यात त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई. शाळेत बदलायला त्या जास्तीचं लुगडं सोबत नेत. त्यांच्या धैर्याबद्दल आपण दर जानेवारीत भाषणं करतो. त्यांच्या पाठीशी जोतीराव होते, हेही तितकंच सांगायला हवं. धैर्य एकट्या मुलीकडून मागायचं आणि आपण टपरीवर चहा पीत बसायचं, हे त्या वारशाला शोभत नाही.

मी मुलींना आता एवढंच सांगते: "बाळा, तुला जे वाटतंय ते खरं आहे. मला सांग. मी आहे."

४. गर्दीचा धक्का कोणता आणि मुद्दाम मारलेला कोणता, हे बाईला कळतं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. बाया मोठ्या संख्येने प्रवासाला बाहेर पडल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. गाड्याही भरल्या. अशा भरल्या गाडीत कुणी तक्रार केली की चार जण लगेच म्हणतात, "गर्दीत लागतोच की धक्का." खड्ड्यातून गाडी गेल्यावर लागलेला धक्का आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारा हात, यांत कुठल्याही बाईची गफलत होत नाही. म्हणून मी पुरावा मागत नाही. मुलीला माझ्या जागेवर बसवते आणि त्या माणसाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "दादा, पुढे जाऊन उभे राहा." बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. अशा माणसाचा सगळा भरवसा लोकांच्या गप्प राहण्यावर असतो. आवाज चढला, माना वळल्या की त्याचं बळ जातं.

५. बस ठाण्यात नेता येते, हे प्रवाशांना आणि आम्हालाही माहीत असायला हवं.

तामिळनाडूत बसथांब्यावर पतीबरोबर उभ्या असलेल्या एका स्त्रीची छेड काढली गेली. छेड काढणारा पोलीसच होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ३० नोव्हेंबर २०१२ रोजी न्यायालयाने सगळ्या राज्यांना आदेश दिले. बस स्थानकं, रेल्वे स्थानकं, देवळं, थिएटर अशा ठिकाणी साध्या वेशातल्या महिला पोलीस असाव्यात. कॅमेरे बसवावेत. इशारा देणारे फलक लावावेत. चालत्या बसमध्ये छेड काढली गेली आणि स्त्रीने तक्रार केली तर चालक-वाहकांनी गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावी. नेली नाही तर गाडीचा परवाना रद्द होऊ शकतो. असा प्रकार पाहणाऱ्यानेही पोलिसांना कळवावं.

हा निकाल मला कळला तेव्हा माझ्या कामाला एक आधार मिळाला. "मॅडम, आम्हाला उशीर होतोय, कशाला वाढवता?" असं प्रवासी म्हणतात तेव्हा मी सांगते, हे सर्वोच्च न्यायालयाने आमच्यावर टाकलेलं काम आहे. गाडी ठाण्याच्या दिशेने वळणार एवढं म्हटलं तरी समोरचा हात जोडतो. प्रत्येक चालक-वाहकाला हा आदेश कामावर रुजू होतानाच सांगितला गेला पाहिजे, आणि प्रत्येक थांब्यावर तो मराठीत लिहिलेला असला पाहिजे.

६. मध्ये पडायचं, पण एकट्याने नाही.

२० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंबोलीला मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं म्हणून कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस या दोन तरुणांवर हल्ला झाला. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन काही दिवसांनी. रस्त्यावर माणसं होती; मदतीला कुणी धावलं नाही. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. हे आठवलं की "कशाला मध्ये पडायचं" म्हणणाऱ्यांची भीती मला खोटी वाटत नाही. तिच्यावर उपाय संख्येचा आहे. त्या दोघांच्या मागे दहा माणसं उभी राहिली असती तर?

थांब्यावर करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. मुलीजवळ जाऊन उभं राहायचं. "कोणत्या गावची गं तू? वाशिमची गाडी गेली का?" असं काहीही बोलणं काढायचं. त्रास देणाऱ्याशी बोलण्याआधी मुलीशी बोलायचं, कारण तिला त्या क्षणी सोबत हवी असते. शेजारच्या दुकानदाराला हाक मारायची. हाताशी मोबाइल असेल तर ११२ लावायचा. म्हाताऱ्या बाया हे काम फार उत्तम करतात. लुगड्यातली एखादी आजी मुलींच्या घोळक्यात येऊन बसली की टपरीवरचे आवाज बंद झालेले मी पाहिले आहेत. गावाने आपल्या आज्यांना यासाठी मान द्यायला हवा.

७. पाठलाग ही किरकोळ गोष्ट नाही.

"नुसता मागे येतो, काही करत नाही." हे वाक्य ऐकलं की मला हिंगणघाट आठवतं. ३ फेब्रुवारी २०२० रोजी तिथे कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला, तिचा पिच्छा पुरवणाऱ्या माणसाने भर रस्त्यात पेटवलं. १० फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप सुनावली गेली. शिक्षा झाली, पण लेक परत आली नाही.

दर पाठलाग तिथपर्यंत जातो असं नाही. पण जो तिथपर्यंत गेला त्याची सुरुवातही मागे मागे येण्यानेच झाली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७८ नुसार नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, फोन-मेसेजवरून मागे लागणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम ७५ मध्ये अश्लील शेरे आणि नको असलेला स्पर्श येतो, कलम ७९ मध्ये स्त्रीचा अपमान करणारे शब्द, आवाज आणि हावभाव. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आहेच. मुलींना मी एक सवय लावायला सांगते: वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, वेळ, जागा आणि गाडीचा नंबर लिहून ठेवायचा. पुढे तक्रारीच्या वेळी हे पान फार कामाला येतं.

८. हद्द कुणाची, हे मुलीने शोधायचं नाही.

आमचा नाका दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. बस हिंगोली जिल्ह्यातून निघते आणि पूल ओलांडून वाशिम जिल्ह्यात शिरते. प्रकार नेमका कुठे झाला, पुलाच्या अलीकडे की पलीकडे? सीमेवरच्या माणसांना "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य नवं नाही, आणि तेवढ्या एका वाक्याने कितीतरी घरं तक्रारीचा विचार सोडून देतात.

आता कायदा स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तो नोंदवून घ्यावा लागतो. पुढे तो योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तक्रार ऑनलाइन पाठवून तीन दिवसांत सही करता येते. अशा गुन्ह्यात स्त्रीचा जबाब महिला पोलीस अधिकारी किंवा कोणतीही महिला अधिकारी लिहून घेते. पोक्सोच्या प्रकरणात मुलीचं नाव, फोटो, शाळा माध्यमांतून जाहीर करणं हाच गुन्हा आहे. "गावभर नाव होईल" ही भीती मोठी असते, म्हणून ही शेवटची गोष्ट आई-बापांना मुद्दाम समजावून सांगावी.

९. "सांगितलंस तरी शाळा बंद होणार नाही," हे घराने आधीच सांगून ठेवावं.

मुली घरी का सांगत नाहीत? मी विचारलं आहे. उत्तर जवळजवळ एकच येतं: "सांगितलं तर घरी बसवतील." म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा हिला, हे मुलीला सातवी-आठवीतच कळून चुकलेलं असतं. मग ती दोन त्रासांतला एक निवडते, रस्त्यावरचा, कारण त्यात निदान शाळा तरी उरते.

बापांना माझी विनंती आहे, लेकीला पहिल्यांदा पास काढून द्याल त्याच दिवशी हे बोला: "रस्त्यात कुणी काही केलं तर मला सांग. तुझं शिक्षण बंद करणार नाही. बघून घ्यायचं ते आपण मिळून बघू." एवढ्या शब्दांनी मुलीची जीभ मोकळी होते. भावांनाही सांगा, बहिणीवर पहारा ठेवणं आणि तिच्या पाठीशी उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१०. टपरीवरची मुलंही आपलीच आहेत.

त्यातली अर्धी माझ्या गाडीतून शाळेत गेलेली. त्यांना मी नावानिशी ओळखते. हाताला काम नाही, शेतात मन नाही, सिनेमात पाठलागालाच प्रेम म्हणताना पाहिलेलं, आणि मित्रांसमोर मोठं दिसायची घाई. हे त्यांच्या वागण्याचं समर्थन नाही. पण त्यांच्याशी बोलायला कुणीच जात नाही, हे मला दिसतं. पोलीस आले की पळायचं, गेले की परत यायचं, एवढंच त्यांना ठाऊक असतं.

त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं होतं, "ती तुझ्याकडे बघून हसली होती का कधी?" तो म्हणाला, "नाही." "मग तिला मजा वाटते, हे तुला कुणी सांगितलं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. हा प्रश्न त्याला शाळेत, घरी, तालमीत, गणेश मंडळात कुणी तरी आधी विचारायला हवा होता. मुलगी काय घालते, कधी परतते यावर घरोघरी चर्चा होते. मुलगा नाक्यावर तासन्‌तास उभा राहून काय करतो, यावरही तेवढीच व्हावी.

११. त्रास फक्त शाळकरी मुलींना होत नाही.

ऊसतोडीला निघालेल्या बाया रात्री-पहाटे ट्रकची वाट पाहत रस्त्याकडेला बसतात. तांड्यांवरच्या बाया डोक्यावर ओझं घेऊन बाजाराला येतात. तृतीयपंथी प्रवासी गाडीत चढले की काहींना त्यांना डिवचायचा हक्कच मिळाल्यासारखा वाटतो. या कुणाच्याही वतीने गावात आवाज उठत नाही, कारण यांच्यामागे "आमच्या गावची लेक" असं म्हणणारं कुणी नसतं. तृतीयपंथी व्यक्तींना त्रास देणं हा २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे. माझ्या गाडीत तिकीट काढलेला प्रत्येक माणूस मानाने बसेल, एवढा एकच नियम मी पाळते. मान ओळखपाळख पाहून द्यायचा नसतो.

शेवटी, नाक्यावरच्या मोठ्या माणसांना हात जोडून सांगते. दुकानदार, टपरीवाले, जीपवाले, मास्तर, सरपंच, माझे चालक-वाहक भाऊबंद, तुम्ही सगळे त्या थांब्यावर रोज असता. छेड काढणारे चार-पाच असतात, तुम्ही पन्नास असता. शाळा सुटायच्या वेळेला आपापल्या दारात उभे राहा आणि थांब्याकडे बघा. चुकीचं दिसलं तर हाक मारा. ११२, महिलांसाठी १०९१ आणि १८१, लहान मुलांसाठी १०९८ हे नंबर दुकानावर ठळक अक्षरांत लावा. यंदा ज्या मुलींचे पास निघाले आहेत त्या सगळ्या वर्षअखेरीला गाडीत दिसल्या पाहिजेत. ते माझ्या एकटीच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.